गप्प फोन

फोनची काच काळी पडली ती पडलीच, घड्याळजींनी किती बटणं दाबली तरी उजळेना. फोनचं मूळ दुखणं तसं किरकोळ होतं, चार्जिंगची पिन तेवढी ढिली झाली होती. नवाच घेऊन टाकू, असं सूनबाई आठवडाभर म्हणत होती. पण उभा जन्म दुसऱ्यांची घड्याळं उघडून दुरुस्त करण्यात घालवलेल्या माणसाला ‘नवा घेऊ’ हे शब्द शिवीसारखे झोंबतात. ती कामावर गेली तशी म्हाताऱ्याच्या हाताला खाज सुटली. नातीला इंजेक्शन दिलं, ताट पुढ्यात ठेवलं, आणि ती जेवतेय तोवर हे भिंग लावून, चिमटा घेऊन बसले. फोनच्या पोटात ना चाकं होती, ना स्प्रिंगा. कागदासारखी पातळ एक पट्टी होती. तिला चिमटा लागला आणि ती टरकन फाटली. झालं, सगळी ऐट उतरली.

दुसरा कुठला फोन असता तर त्यांनी गुपचूप कपाटात ढकलला असता. पण घरातल्या सगळ्यांचा जीव याच फोनमध्ये अडकलेला होता. नात सात वर्षांची, अंगाने एवढीशी, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. गेल्या वर्षी तिला मधुमेह निघाला, तेव्हापासून इन्सुलिन सुरू होतं. दंडावर नाण्याएवढं एक यंत्र चिकटवलेलं असायचं. ते रक्तातली साखर मोजून या फोनला कळवायचं, आणि साखर घसरायला लागली की फोन कोकलायचा. आता ती वेळ आली तरी फोन गप्पच राहणार होता.

“ऊठ, पटकन जाऊन येऊ,” असं म्हणत त्यांनी मुंगीला ताटावरून उठवलं. हात धुवायलाही धड वेळ दिला नाही.

मोबाइलवाल्याने फोन उलटासुलटा करून पाहिला आणि कुणी उघडला होता, असं विचारलं. घड्याळजींनी शेजाऱ्याच्या मुलावर ढकललं. पट्टी मागवावी लागेल, संध्याकाळ होईल, तरी चालेलच अशी खात्री नाही, असं तो म्हणाला. त्यापेक्षा नवा घेतलात तर लगेच सुरू करून देतो. फक्त त्यात ते साखरेचं जोडायला ज्यांचं खातं आहे त्यांचा पासवर्ड लागेल.

पासवर्ड सूनबाईकडे. म्हणजे तिला सांगायचं. तेच घड्याळजींना नको होतं. रागावेल म्हणून ते घाबरले नव्हते, राग त्यांनी सोसला असता. पण मुंगीला त्यांच्या भरवशावर सोडून कामावर जायला ती कशीबशी तयार झाली होती. हे कळलं तर ती नोकरी तरी सोडेल, नाही तर पोरीसाठी पगारी बाई ठेवेल. मग त्यांनी दिवसभर कुणाशी बोलायचं? रिकाम्या घरात, थांबलेल्या घड्याळांशी?

तेव्हा ते दुरुस्तीवर अडून बसले. पट्टी कुठून मागवता, जुन्या फोनमधली बसेल का, मीच चिमट्याने धरतो, तुम्ही सोल्डरिंगचा डाग द्या. मोबाइलवाला नाही म्हणायचा आणि हे पुन्हा तेच सुरू करायचे. मुंगीने घरी कधी जायचं म्हणून दोनतीनदा बाही ओढली, मग ओढायची थांबली. कंटाळून एकदाची गप्प बसली, असं वाटून त्यांना बरंच वाटलं.

“आजोबा,” मोबाइलवाला मध्येच म्हणाला, “पोरीला एवढा घाम का आलाय? पंखा तर सुरू आहे.”

मुंगीचं डोकं काउंटरच्या काचेवर टेकलं होतं. मान ओली, हात गारठलेले. घड्याळजींना घरचं ताट आठवलं. जेवणाआधीचं इंजेक्शन अंगात भिनत होतं आणि जेवण निम्मं ताटातच राहिलं होतं.

“मुंगे, मी कोण?”

“हं,” मुंगी म्हणाली.

त्यांनी तिच्या पिशवीसाठी स्वतःचा खांदा चाचपला. रसाचा डबा, बोट टोचून साखर बघायचं मशीन, सगळं त्या पिशवीत, आणि पिशवी घरी दाराला टांगलेली. “गोड काहीतरी द्या,” ते म्हणाले. स्वतःचाच आवाज त्यांना ओळखू आला नाही. मोबाइलवाल्याने काउंटरखालून स्वतःची अर्धी उरलेली कोल्ड्रिंकची बाटली काढून दिली. त्यांनी मुंगीला उभं धरलं आणि ठसका लागू नये म्हणून घोटघोट पाजलं. पहिला घोट हनुवटीवरून ओघळला. दुसरा तिने गिळला. घाईत अर्धं पेय तिच्या फ्रॉकवर सांडलं.

मग त्यांनी मोबाइलवाल्याचा फोन मागितला आणि सूनबाईच्या ऑफिसचा नंबर सांगितला. लावून त्यानेच तो त्यांच्या कानाशी धरला.

“फोन मी मोडला,” ते म्हणाले. “मीच. मुंगीची साखर उतरलीय. गोड पाजलंय.”

पलीकडून सूनबाईने एवढंच विचारलं, “आकडा किती आहे, बाबा?”

“माहीत नाही. मशीन घरी राहिलं.” त्यांना रडू फुटलं. “आकडा नाही माझ्याकडे.”

“डोळे उघडे आहेत?”

“आहेत. माझ्याकडे बघतेय.”

“मग तुम्हीही तिच्याकडेच बघा. पाजत राहा. डोळे मिटले तर अँब्युलन्स बोलवा. मी निघाले.”

मुंगीच्या ओठांवर हळूहळू रंग येत होता की तसं त्यांना नुसतं वाटत होतं, हे सांगणारं आता काहीच नव्हतं. मोबाइलवाल्याने हळूच विचारलं, मग काय करायचं, याचीच दुरुस्ती करू की नवा काढू?

“नवा,” घड्याळजी म्हणाले, पण मान वळवली नाही.