चौथं नाव

ऊर्मी केस जिंकली हे राजन देवस्थळींना आधी बातमीतून कळलं, आणि मग ती स्वतः सांगायला आली. रविवारी दुपारी, सीमेपलीकडून, अमेरिकेतून एकटीच गाडी चालवत, कॅनडातल्या ब्रॉसार्डला आईवडिलांच्या घरी. दारात तिनं बूट काढले, पण कोट काढला नाही. तो अंगावर ठेवूनच स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली.

"कोट काढ की गं. बस चुकतेय का तुझी?" तव्यावरचं थालीपीठ उलटत उमाताई लेकीला म्हणाल्या.

"निघायचंच आहे, आई. बॉर्डरवर लाईन असते."

"मग थालीपीठ ड्राइव्ह-थ्रूसारखं खिडकीतून देऊ का?"

ऊर्मी हसली नाही. रागावलीही नाही. गेलं वर्षभर असंच चाललं होतं. ती काम करायची त्या फार्मसीत भरदुपारी एकजण औषधं लुटायला शिरला आणि तिच्या शेजारी उभा असलेला तिचा सहकारी गोळी लागून जागच्या जागी गेला. ऊर्मीला खरचटलंसुद्धा नव्हतं. तेव्हापासून वाढलं तर ती जेवायची, विचारलं तर बोलायची. रडली मात्र एकदाही नाही. रडली असती तर राजनना बरं वाटलं असतं.

मग तिनं पिस्तूल जवळ बाळगायच्या परवान्यासाठी अप्लाय केलं. तिच्या राज्यात त्यासाठी चार माणसांनी अर्जदाराची ग्वाही द्यावी लागते. मॅनेजर, शेजारीण आणि कॉलेजची मैत्रीण अशी तीन नावं झाली. चौथं तिनं वडिलांचं दिलं. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याचा फोन आला तेव्हा राजन बेसमेंटमध्ये आपल्या पुस्तकांत होते. माणूस अदबीनं बोलत होता. तुमच्या मुलीच्या हातून दुसऱ्या कुणाला किंवा तिला स्वतःला इजा होणार नाही, असं तुम्ही सांगू शकता का, असं त्यानं विचारलं. दुसऱ्याला नाही, असं राजन लगेच म्हणाले. पुढचं वाक्य मात्र काही केल्या तोंडातून निघेना.

"तिच्या स्वतःबद्दल मला सांगता येणार नाही," शेवटी ते म्हणाले.

परवाना नाकारला गेला. ऊर्मी भांडली नाही, तिनं फोन करणंही थांबवलं नाही. एका संस्थेच्या वकिलांनी या कायद्याला कोर्टात आव्हान दिलं होतं, त्यात ती सामील झाली. राज्यघटनेनं दिलेला हक्क चार माणसांच्या मतावर टांगून ठेवता येत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. तिच्यापुरता तो कोर्टानं आता मान्य केला.

राजननी निकाल सगळा वाचून काढला होता. युक्तिवाद त्यांना पटला, हीच पंचाईत. कुणाच्या बापाला काय वाटतं यावर एखाद्याचा हक्क ठरावा का? न्यायाधीशाच्या खुर्चीत असते तर त्यांनीही कदाचित हेच लिहिलं असतं. पण त्यांच्या वाट्याला खुर्ची बापाची आली होती.

"स्टेट अपील करणारे," ऊर्मी म्हणाली. "पण माझं परमिट त्यांना थांबवता येत नाही. नेक्स्ट वीक हातात येईल."

"छान," राजन म्हणाले, आणि आपण हे काय बोललो असं त्यांना लगेच वाटलं.

"छान काय छान!" उमाताईंनी उलथनं ओट्यावर आपटलं. "ह्यांना आज रविवार आहे का विचारलं तरी म्हणतील, बहुतेक. अहो, स्थळाच्या चौकशीला फोन आला की चार गुण वाढवून सांगतोच ना आपण? तसं त्या माणसाला हो म्हणून टाकलं असतंत, तर पोरीला कोर्टाची पायरी चढावी लागली नसती."

"आई, इट्स ओके. बाबा चुकीचं नाही बोलले."

उमाताईंनी उलथनं परत उचललं आणि थालीपीठ वर लोणी घालून तिच्या ताटात वाढलं.

"ऊर्मी," राजन म्हणाले, "त्यानं मला विचारलं ते मी तुला विचारायला हवं होतं. आता विचारू?"

"बाबा, कोर्टानं तो क्वेश्चन काढून टाकलाय."

"कोर्टानं राज्याला मनाई केलीय. मला नाही."

ती ताटाकडे बघत राहिली. थालीपीठावरचं लोणी विरघळून मधल्या भोकातून खाली गेलं होतं.

"आय डोन्ट नो, बाबा. प्लॅन वगैरे काही नाहीये. काहीच नाहीये. अप्लाय केलं तेव्हा भीती तरी वाटायची. आता तीही वाटत नाही."

मग पिस्तूल कशाला, हे राजनच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"परवाना असला तरी पिस्तूल बॉर्डरच्या अलीकडे आणता येत नाही ना?"

"नाही. इकडे चालत नाही."

"मग तू इकडेच राहा. परवाना येऊ दे, तिकडे पडू दे. उद्या डॉक्टरांना फोन करू. मी येईन बरोबर."

"किती दिवस राहू?"

"ते मला सांगता येणार नाही."

"बघ! परत तेच," उमाताई म्हणाल्या. त्यांनी दुसरं थालीपीठ तिच्या ताटात वाढलं.

"सकाळी कामावर कळवायला लागेल," ऊर्मी म्हणाली. राहते असं काही म्हणाली नाही. पण कोटाची चेन तिनं अर्ध्यावर आणली होती. तव्यामुळं खोलीत उकडत होतं, म्हणूनही असेल. राजनना खात्री नव्हती.

ते उठले, तिच्यापाशी गेले आणि कोटासाठी हात पुढे करून उभे राहिले.