प्रेमिलाची छाट

प्रेमिलाने प्रबंधातलं अख्खं एक प्रकरण काढून टाकलं, आणि तेही मार्गदर्शकांचं लाडकं, तेव्हा विभागातल्या सगळ्यांनी कपाळाला हात लावला. पोरगी गेली कामातून, म्हणाले.

विषयच मुळी जगावेगळा. इकडे मादागास्कर, तिकडे सामोआ, मधल्या हजारो बेटांवर बाईला काय काय म्हणतात आणि ते सगळे शब्द एकाच मुळातून कसे निघाले, हे शोधायचं. नागपूरहून समुद्र बघायचा तर रात्रभर गाडीत बसावं लागतं. प्रेमिलाने तर तो अजून पाहिलाही नव्हता.

तिचे मार्गदर्शक गोपाळराव माणूस चांगला, पण एका गोष्टीपायी पार पागल झालेले. फिलिपिन्समध्ये बाईला म्हणतात 'बबाए', आणि आपल्याकडे 'बाई'! झालं की नातं! याच्यावर त्यांनी सभेत भाषण ठोकलं, टाळ्या घेतल्या, आणि प्रेमिलाला शेवटचं प्रकरण त्यावरच लिहायला लावलं. तिनेही मान खाली घालून चाळीस पानं लिहिली.

मग एका रविवारी ती कन्हानला घरी गेली. तिची माय भीमाबाई तीस वर्षांपासून बिड्या वळत होती. कारखान्यात माल नेण्याआधी एकेक बिडी चिमटीत धरून पाहायची. एक छान गुळगुळीत बिडी तिने बाजूला फेकली.

"काहून वं माय? चांगली तं दिसते."

"दिसते वं. दाबून पाय, आतून पोकळ हाय. असी एक जरी सापडली तं तो मुकादम मूठभर बिड्या छाट म्हणून फेकते, अन् बाकीच्या मालावरबी शक घेते. आपली छाट आपणच करा लागते, बाई."

दुसऱ्या दिवशी प्रेमिलाने ती चाळीस पानं काढून टाकली.

"वेडी आहेस का?" गोपाळराव कडाडले. "सही करतो मी. पण परीक्षकांनी विचारलं तर मी तोंड उघडणार नाही, सांगून ठेवतो."

एकोणीसशे एक्क्याऐंशीच्या जुलैत तोंडी परीक्षा लागली. पुण्याहून परीक्षक म्हणून आल्या कुसुमताई. त्यांचं नाव काढलं की भल्याभल्यांना घाम फुटायचा. परीक्षेला कोणीही येऊन बसू शकत होतं, म्हणून भीमाबाई सकाळच्या बसने आली, दारात सगळ्यांना जयभीम घातला आणि शेवटच्या बाकावर टेकली.

तासभर प्रश्न झाले. मग कुसुमताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मराठी मुलगी, बाईवर प्रबंध, आणि त्यात आपली बाईच नाही? गोपाळरावांचं भाषण तर मी वाचलंय. का नाही?"

गोपाळराव पंख्याकडे बघू लागले. डॉक्टरेट, नोकरी, मायची तीस वर्षं, सगळं आता या एका उत्तरावर आलं होतं.

"ताई, आपली बाई दिसते तशी, पण नात्यातली नाही," ती म्हणाली. "फिलिपिन्समध्ये बबाए, मादागास्करला वावी, सामोआत फाफिने. एकाकडे ब, दुसऱ्याकडे व, तिसऱ्याकडे फ. दगडालाही असंच: बातो, वातू, फातू. नव्याला बागो, वाओ, फोऊ. नातं असलं की असे शब्दामागून शब्द येतात, शिस्तीत. आपली बाई एकटीच आली. तिच्यामागे ना दगड आला, ना नवं. निव्वळ योगायोग आहे. तिला आत ठेवलं असतं, तर माझ्या बाकीच्या शब्दांवरही तुम्ही शंका घेतली असती. म्हणून मीच छाट काढली."

"छाट?"

"बिडीकामातली. वरून चांगली दिसणारी पोकळ बिडी आपणच आधी काढून टाकायची."

"हे कोणत्या पुस्तकात वाचलंस?"

"पुस्तकात नाही, ताई." प्रेमिलाने मागे बोट केलं. आता तिचा आवाज खणखणीत झाला होता. "ती माझी माय, भीमाबाई. तिनं शिकवलं."

सगळ्या माना वळल्या. भीमाबाईने घाईघाईने तंबाखूने पिवळी झालेली बोटं पदराखाली लपवली.

कुसुमताई उठल्या. खुर्च्या सरकवत, वाट काढत थेट शेवटच्या बाकापर्यंत गेल्या, आणि भीमाबाईचे ते हात पदराबाहेर काढून त्यांनी आपल्या हातात घेतले. पहिली टाळी वाजवली ती गोपाळरावांनी, हे मात्र त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं.

भीमाबाईला त्या टाळ्यांचं काही कळेना. तिने भीतभीतच विचारलं, "झाली का जी माह्या पोरीची छाट?"

"झाली, भीमाबाई," कुसुमताई म्हणाल्या. "एकही पोकळ निघाली नाही."