परवाची गाठ

"केव्हापासून आहे ही गाठ? विचारा त्यांना," पडद्यापलीकडं हात धुता धुता डॉक्टर म्हणाले.

यशोदा सिस्टरनं विचारलं. साठी उलटलेली काशम्मा एरवी गल्लीत मराठीतून तासन्‌तास बोलायची, पण परक्या पुरुषापुढं लाज वाटली की तिला कानडीशिवाय काही सुचत नसे. पदर छातीशी घट्ट धरून ती पुटपुटली, "मन्नी बंदद."

"परवा-परवा आलीय म्हणतात," यशोदानं मराठी केलं.

"म्हणजे भराभर वाढतेय. टणकही आहे. थांबण्यात अर्थ नाही."

पंचाहत्तर सालच्या त्या तपासणी शिबिराला बायका यायलाच तयार नव्हत्या. घरोघर विनवण्या करून यशोदाच्या घशाला कोरड पडली होती. त्यात आपल्याच गल्लीतल्या बाईची गाठ सापडली म्हटल्यावर तिला, खरं सांगायचं तर, आनंदच झाला. तुकडा काढून तपासला तर कॅन्सरच निघाला. मग काय, यशोदाला हत्तीचं बळ आलं.

"दुखत न्हाय, खुपत न्हाय. कशाला कापाय लागलाय गं?" काशम्मा म्हणायची.

"दुखायला लागल्यावर उशीर होतो, काशम्मा. माझ्यावर विश्वास आहे ना?"

होता. तेच तर वाईट झालं.

ऑपरेशन झालं. उजवी बाजू सपाट झाली, हात सुजला, वर उचलेना. भाकरी थापणं सुनेकडं गेलं. गळ्यातला लिंगाचा चांदीचा करंडक आता उजवीकडं घरंगळायचा. काशम्मा मात्र येईल त्याला यशोदाकडं बोट दाखवून सांगायची, "हिनं वाचिवलं मला." गल्लीत यशोदाचं नाव झालं.

हिवाळ्यात एकदा यशोदा तिच्या सुजलेल्या हाताला तेल चोळत बसली होती. काशम्मा सहज बोलून गेली, "माजा शिवयोगी अंगावर पीत हुता की, तवा आली बग ती गाठ. परवाच की!"

शिवयोगी तिचं शेंडेफळ. कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात लागला होता, त्याचं लग्नही झालं होतं.

यशोदाचा हात तिथंच थांबला. काशम्माचं लग्न परवा झालं होतं, रझाकारांच्या भीतीनं ती अक्कलकोटाकडून पळून आली तेही परवा, नवरा गेला तोही परवाच. तिच्या तोंडी सगळा जन्मच परवाचा होता, आणि हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. यशोदाला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणावं? त्या दिवशी तिला घाई होती, एवढंच.

ती डॉक्टरांकडं गेली.

"वीसेक वर्षांची?" त्यांनी चष्मा काढला. "मग गाठ कदाचित तशीच झोपून राहिली असती. बाई दुसऱ्याच कशानं गेली असती. कदाचित गाठ उद्या उठलीही असती. आता कोण सांगणार? मनाला लावून घेऊ नका, सिस्टर."

मनाला नाही लावून घ्यायचं तर ठेवायचं कुठं, ते त्यांनी सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी ती काशम्माच्या घरी गेली. काशम्मा पूजेला बसली होती. डाव्या तळहातावर करंडकातलं लिंग होतं, आणि उजवा हात काही केल्या कपाळापर्यंत पोचत नव्हता.

"बरी आलीस. सून पाण्याला गेलीया. इबूत लाव की गं."

"काशम्मा, माझं चुकलं," यशोदा उभ्या उभ्याच म्हणाली. "तुम्ही परवा म्हणालात आणि मी डॉक्टरांना परवाच सांगितलं. जुनी आहे म्हणून सांगायला हवं होतं. ती कदाचित तशीच राहिली असती. कापावीही लागली नसती."

काशम्मानं एकदा तळहातावरच्या लिंगाकडं बघितलं. मग सुजल्या हातानं तिनं सपाट बाजूवरचा पदर सारखा केला.

"ऱ्हायली असती व्हय," एवढंच म्हणाली.

तिनं डोळे मिटले आणि कपाळ पुढं केलं.

यशोदानं विभूतीत तीन बोटं बुडवली. तिन्ही रेघा वाकड्या उमटल्या. ती पदरानं पुसायला गेली.

"ऱ्हाऊ दे तसंच," काशम्मा डोळे न उघडता म्हणाली. "उद्या नीट लाव."