काचेवरची थाप

जरा कल्पना करा. तुम्ही एका जुन्या अ‍ॅम्बॅसेडर गाडीत, पुढच्या सीटवर गुडघे टेकून बसला आहात. समोरची काच गेलेली, नुसती चौकट उरली आहे. तिच्यावर बाहेरून तीन माणसं दुसरी काच टेकवताहेत. काचेभोवतीच्या रबरातून आत आलेली दोरी तुमच्या हातात आहे. ओढायची तुम्हीच.

पायल तशीच बसली होती.

मागे खापरखेड्याच्या रस्त्यावर ट्रकमधून दगड उडाला, तेव्हा ती याच सीटवर होती. एक आवाज झाला आणि खडीसाखरेसारखे काचेचे तुकडे तिच्या मांडीवर, केसांत पडले. लागलं काहीच नाही. पण तेव्हापासून घरात ताट पडलं तरी तिच्या छातीत धडधडायचं.

तिचे आजोबा, देवराव आबाजी, भंगाराची दुकानं पालथी घालत फिरले, तेव्हा कन्हानला ही एकच काच मिळाली. "हीबी फुटली तर गाडी भंगारात," ते सकाळीच म्हणाले होते.

"मामाजी, मी बसतो न आत," पायलची आई सासऱ्यांना म्हणाली.

"कोपऱ्यात पोरीचाच हात जाते. तू बाहेरून दाब."

शेजारचे ईश्वरदास जुन्या गाडीकडे बघून हसले. "म्हातारीले चष्मा लावून राहिला का गा, देवराव?"

"तू गप दाब गा!"

आईने पायलच्या तोंडाला उन्हात वापरायचा दुपट्टा बांधला, गॉगल लावला, हातात जाड मोजे घातले. रबर उचलायला आबाजींनी कुल्फीची काडी दिली.

घट्ट बूट घालताना आपण टाचेत बोट घालतो. बोट वर निघतं आणि टाच आत बसते. इथे दोरी म्हणजे ते बोट. ती ओढत गेलं की रबराची कड चौकटीच्या पत्र्यावर चढते. पण त्याच वेळी बाहेरून काचेवर तळहाताची थाप मारावी लागते.

थप! पायल दचकली.

"झटका देऊ नको वं. हळू ओढ," आबाजी म्हणाले.

थप! तिने दात आवळले. तीन बाजू बसल्या. खालचा कोपरा राहिला. थप!

कर्रर्र.

सगळे थिजले. आबाजींचा हात हवेतच राहिला.

"तडकली का वं?" काचेपलीकडून त्यांचा आवाज दबका आला.

बाहेरून कोणालाच दिसत नव्हतं. पायलने कोपऱ्यात वाकून पाहिलं. जुन्या काचेचा एक तुकडा! डॅशबोर्डच्या फटीत इतके दिवस लपलेला, थापांनी हादरून वर आलेला आणि रबराच्या कडेखाली अडकलेला. अजून एक थाप बसली असती, तर त्याच्यावर दाबली जाऊन ही काचही तडकली असती.

तिला दार उघडून पळावं असं वाटलं.

"थांबा!" ती ओरडली. "कोणीच हलू नका!"

तिने काडीने रबर उचललं. तुकडा टपकन तिच्या मोज्यावर पडला. त्या दिवशी मांडीवर पडला होता, अगदी तसाच. तिने तो समोरच्या राखदाणीत टाकला आणि झाकण लावलं.

मग दोरी मुठीभोवती गुंडाळून तिने काचेवर हळूच टकटक केलं.

"आबाजी, मारा थाप," ती म्हणाली, आणि डोळे न मिटता दोरी ओढली.