टाळूवरचा पहारा

मी एक जुनी प्लास्टिकची पट्टी आहे. पारदर्शक, नखासारखी पातळ. मित्रांनो, तुम्ही मला डब्याचा तुटका तुकडा समजून फेकून दिलं असतं. पण माझ्या अंगावर एका माणसाच्या टाळूचा ठसा आहे.

तो माणूस म्हणजे थायलंडमधल्या खोन केन शहराजवळच्या गावातला बुनथान. तो खेन वाजवतो. बांबूच्या नळ्यांच्या त्या वाद्यात फुंकायचंही असतं आणि त्यातून श्वास ओढायचाही असतो. बुनथानची हिरडी उतरून पुढचे दात उघडे पडले होते. डॉक्टरीणबाईंनी टाळूची कातडी काढून हिरडीवर शिवली आणि टाळूवरची जखम झाकायला मला बसवलं.

"दोन आठवडे थुंकायचं नाही, ओठ उचलून टाके बघायचे नाहीत," बाईंनी बजावलं. "आणि खेनचं तर नावच काढू नका! टाके सुटले तर पुढचे दात गेलेच समजा."

दात गेले की खेन गेला! मी टाळूला घट्ट धरून बसले. जीभ सारखी चाचपायला यायची, पण मी हलले नाही. घरचे चिकट भात मिरचीच्या चटणीत बुडवून खायचे. बुनथान बिचारा गार पेज गिळायचा.

सहाव्या दिवशी पावसासाठी आभाळात बाण सोडायची, अग्निबाणांची जत्रा आली. तीस वर्षं त्याच्या साथीनं गाणारी सोमवांग दारात उभी राहिली.

"दादा, एकच गाणं! मेलं ते प्लास्टिक, त्याचं काय एवढं कौतुक?"

मला भारी राग आला. तेवढ्यात बुनथाननं खेन उचलून ओठांना लावला. त्याला अडवायला मला का हात आहेत?

पण त्यानं श्वास ओढला नाही. खेन खाली घेतला आणि तसाच जत्रेला निघाला. मांडवात तोंड मिटून बसला आणि खेनच्या भोकांवर नुसती बोटं नाचवू लागला. सोमवांग त्या बोटांकडे बघत गाऊ लागली.

"काय रे, खेन बिघडला काय?" कुणीतरी ओरडलं.

"खेन धडधाकट आहे, माणूस दुरुस्त होतोय!" सोमवांग कडाडली. "गप बसून ऐक!"

त्या क्षणी मी तिला सगळं माफ केलं.

पंधराव्या दिवशी टाके निघाले. हिरडी गुलाबी, दात पक्के. बुनथाननं मला धुऊन तंबाखूच्या रिकाम्या डबीत ठेवलं. तंबाखू त्यानं सोडलीच होती. त्याच्या खेनचा पहिला सूर मी डबीतूनच ऐकला. जवळ असायला हवं होतं, असं फार वाटलं.

मित्रांनो, जखम मी भरली नाही. मी नुसती झाकून होते. तुमच्या तोंडात कधी टाके पडले, तर त्यांना जिभेनं चाचपू नका, आरशात बघू नका. जखमेला तिचं काम करू द्या. तोवर गाणं बोटांत ठेवा.