मिसचे हात

मालिकेतल्या मिसचा चेहरा एकीचा होता आणि हात दुसरीचे.

चेहरा पंचवीस वर्षांचा, हात सदुसष्ट वर्षांचे. चेहऱ्याची मालकीण गाडीतून यायची. हातांची मालकीण बसने यायची, आणि बसायला जागा मिळाली नाही तर ती बस सोडून द्यायची. उभं राहून दांडा धरला की बोटं आखडतात, आणि आखडलेली बोटं घेऊन कॅमेऱ्यापुढे जाणं म्हणजे बसक्या आवाजाने गायला बसणं.

मालिका होती पन्नास वर्षांपूर्वीच्या एका ऑफिसची. लाकडी टेबलं, काळे फोन, छताला कुरकुरणारे पंखे, आणि या सगळ्याच्या मधोमध मिस. तिला नाव नव्हतंच. मोठ्या साहेबांची ही सेक्रेटरी दर भागात साहेबांना एक तरी वाक्य असं ऐकवायची की त्यांची खुर्ची दोन बोटं मागे सरकायची. ‘साहेब, हे पत्र मी टाइप करणार नाही. उद्या तुम्हालाच लाज वाटेल.’ असं म्हणून ती हनुवटी वर करायची, आणि घरोघरी पोळी लाटणारे हात थांबायचे.

मिसचं काम करणाऱ्या पोरीची नखं बोटभर लांब होती, आणि दुसऱ्या कुठल्याशा जाहिरातीच्या करारापायी ती कापायची सोय नव्हती. टाइपरायटरवर ती बोटं पडली की दिग्दर्शकाला गवतावर चालणारा बगळा आठवायचा. शेवटी त्याने वर्तमानपत्रात चार ओळी दिल्या: न बघता टाइप करणारी आणि शॉर्टहँड जाणणारी स्त्री हवी. फक्त हात दिसतील, चेहरा दिसणार नाही.

शेवटची ओळ वाचूनच बाईंनी अर्ज केला होता.

बाई एका साहेबांकडे एकतीस वर्षं स्टेनो होत्या. एकतीस वर्षांत त्यांनी साहेबांना जे जे म्हटलं ते सगळं एका श्वासात सांगता येईल: हो साहेब. साहेबांच्या तोंडून वाक्य लंगडत यायचं आणि बाईंच्या मशीनमधून धावत बाहेर पडायचं. पुढे साहेबांच्या पत्रांची वाहवा झाली, त्यांच्या निरोप-समारंभात तीन वक्ते त्यांच्या भाषेवर बोलले, तेव्हा बाई मागच्या रांगेत बसून त्या भाषणांचं टिपण घेत होत्या.

पहिल्याच दिवशी मेकअपच्या खुर्चीत पोरीने त्यांचा हात हातात घेतला आणि विचारलं होतं, “बाई, तुम्ही अगदी मिससारख्याच असणार ना ऑफिसात?”

बाईंच्या तोंडून सवयीने निघालं, “हो.”

एका अक्षराचं खोटं, पण गव्हातल्या खड्यासारखं रोज दाताखाली यायचं. पोरगी त्यांना विचारून विचारून उभी राहायला शिकली, पेन्सिल धरायला शिकली, कागद रोलरमध्ये सरकवायला शिकली. उलट कसं बोलायचं तेही ती विचारायची. बाई म्हणायच्या, ते तुझं तू बघ. पोरीला वाटायचं, केवढा हा विनय.

आणि तरी बाईंना ते काम हवं होतं. लाल टाइपरायटरपुढे बसलं, पंज्यांवर रंगाचा हलका हात फिरला, नखं लाल झाली, आणि कळांवर बोटं पडली की त्यांना आपलंच वय सापडायचं नाही. जोवर मिस साहेबांच्या ऑफिसात होती तोवर हे हात कुणाला तरी हवे होते. मिस गेली की हातही गेले, हे त्यांना न सांगता कळत होतं.

घरी मात्र बोलायची चोरी होती. करारातच लिहिलं होतं की हात कुणाचे ते बाहेर फुटता कामा नये. बाई भावाकडे राहत. भावजयीला त्यांनी सांगितलं होतं की फायली लावायचं काम मिळालंय. निघताना नखं घासून पुसली तरी कडेला लाली उरायचीच. एकदा ती बघून भावजय म्हणाली, “वन्सं, हात तरणे आणि केस पिकलेले. तुम्ही नक्की कुठल्या थांब्यावर उतरता हो?” बाईंनी भांडी घासायला घेतली. भांड्यांनी उरलेली लालीही गेली.

संध्याकाळी भावजय मालिका लावायची. मिस बोलली की मांडीवर थाप मारायची आणि नणंदेकडे बघून सुस्कारा टाकायची. त्या सुस्काऱ्यात पुष्कळ काही असायचं.

गोष्ट घडली ती तेहतिसाव्या भागात.

साहेब बोलताहेत, मिस वहीत उतरवून घेतेय, एवढंच दृश्य. चेहऱ्यांचं चित्रण झालं, नटमंडळी चहाला गेली, आणि उरला तो वहीचा आणि हातांचा तुकडा. दिग्दर्शक म्हणाला, बाई, काहीही लिहा, चार सेकंदांचं तर काम, आणि कोण वाचणार आहे ते?

बाईंनी पेन्सिल टेकवली आणि त्या थांबल्या. हात हलेना. एकतीस वर्षं कुणीतरी बोललं की हात चालायचा. समोर कुणी बोलत नसेल तर हाताने काय करायचं हे त्यांना कधी कुणी शिकवलंच नव्हतं. पाणी सुटलं की पाट वाहतो, आपणहून नाही वाहत. तेवढ्यात कॅमेऱ्यामागे निर्माते फोनवर बोलू लागले आणि हात सुटला. भराभर, नेमका, शॉर्टहँडच्या रेघांत, एकही खाडाखोड नाही. दिग्दर्शकाने अंगठा दाखवला.

लिहिताना स्टेनोला अर्थ कळत नसतो. शब्द कानातून बोटांत जातात, मधे कुठे मुक्काम करत नाहीत. अर्थ कळतो तो नंतर, वाचताना. बाईंनी वही डोळ्यांजवळ धरली आणि वाचलं: ‘चाळिसाव्या भागात मिसचं लग्न लावून टाका. राजीनामा देईल, साहेबांपुढे रडेल, संपलं. साबणवाले म्हणताहेत, उलट बोलणाऱ्या बाईच्या मालिकेत साबण खपत नाही. पोरीला इतक्यात कळू देऊ नका.’

त्या वेळी एवढंच म्हणायचं होतं की तुकडा पुन्हा घेऊ या. पण सूचना करायची बाईंना सवय नव्हती. त्यांनी वही मिटली, नखं पुसली आणि बस धरली. खिडकीशी जागा मिळाली होती. हात मांडीवर ठेवून त्या सगळी वाट त्यांच्याकडेच बघत राहिल्या.

तेहतिसावा भाग गेला आणि आठवड्याभरात निर्मात्यांच्या टेबलावर सतरा पत्रं येऊन पडली. त्यातल्या पंधरा पत्रांत एकही अक्षर नव्हतं. नुसत्या रेघा, आकडे, वेलांट्यांसारखी वळणं, बारीक ठिपके. निर्मात्यांना आधी वाटलं, कुणा लहान मुलांचा उद्योग असेल. उरलेली दोन मात्र सरळ अक्षरांत होती, आणि दोन्हींत एकच मागणी होती: मिसचं लग्न लावू नका, चाळिसावा भाग अजून तुमच्या हातात आहे.

चाळिसाव्या भागाबद्दल चौघांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. निर्मात्यांनी तर्क केला की पोरीने कुठून तरी कागद मिळवले आणि चाहत्यांना चिथावलं. करारात गुप्ततेचं कलम होतंच. त्यांनी पोरीला खोलीत बोलावलं, दिग्दर्शकाला बोलावलं, आणि त्या रेघोट्या वाचायला बाईंनाही बोलावलं.

पोरगी मिसच्याच कपड्यांत उभी होती. कानामागे पेन्सिल तशीच, पण हनुवटी छातीला टेकलेली. ती काहीतरी सांगू बघत होती आणि दर वेळी ‘सर, मी खरंच’ इथवर येऊन तिचा आवाज बसत होता. पडद्यावर साहेबांची खुर्ची सरकवणारी ती मिस इथे स्वतःच भिंतीपर्यंत सरकली होती. बाईंना ते उभं राहणं फार ओळखीचं वाटलं. एकतीस वर्षं रोज सकाळी दहा वाजता त्या तशाच उभ्या राहिल्या होत्या.

निर्मात्यांनी पत्रांचा गठ्ठा पुढे सरकवला. वाचा, म्हणाले.

पहिल्याच ओळीला बाईंना कळलं की हे वाचलं तर आपली मान आपणच सुरीखाली द्यायची. आणि न वाचणंही सोपं होतं. त्या खोलीत, त्या इमारतीत, त्या रेघा दुसऱ्या कुणालाच कळत नव्हत्या. शुभेच्छा आहेत, मालिका आवडते, असं काहीही म्हटलं असतं तरी खपून गेलं असतं. साहेबांची वाक्यं मुकाट बदलण्यात जन्म गेला होता; आणखी एक बदलायला किती वेळ लागतो?

त्यांनी चष्मा लावला आणि स्टेनो जसं वाचून दाखवते तसं, चढ नाही उतार नाही, वाचलं. “पडद्यावर वहीतला मजकूर वाचला. मिसचं लग्न लावणार असल्याचं कळलं. आम्ही सगळ्या एकाच मास्तरांच्या क्लासात शिकलो, तेव्हा लिहिणारी कोण तेही कळलं. बाई, तुमची जाड रेघ अजून जरा जास्तच जाड पडते.”

त्यांनी चष्मा सारखा केला.

“खाली दोन ओळी आहेत,” त्या म्हणाल्या, आणि त्याही वाचल्या:

“बोटं बोलली जन्मभर, ओठ राहिले गं मुके,
आमच्या वाटचं बोले कोणी, तिला धाडता गं कुठे?”

निर्मात्यांनी पोरीवरची नजर काढून हळूहळू बाईंवर आणली, जणू खोलीतली एखादी खुर्ची बोलली होती.

“म्हणजे माझं फोनवरचं बोलणं तुम्ही लिहिलंत? कुणाला विचारून?”

बाई हातातल्या पत्राकडेच बघत होत्या. हनुवटी खालीच होती. आवाजही नेहमीचाच होता, तारीख सांगताना असायचा तसा.

“साहेब, वाक्य तुमचं आहे. मी फक्त उतरवून घेतलं. खोडायचं असेल तर बोलण्याआधी खोडायचं असतं.” मग त्या म्हणाल्या, “या पोरीला यातलं काही ठाऊक नाही.”

निर्मात्यांची खुर्ची मागे सरकली. दोन नाही, चांगली चार बोटं.

बोलून झाल्यावर बाई न विचारताच समोरच्या स्टुलावर बसल्या. एकतीस वर्षांत हेही पहिल्यांदाच. आता ते म्हणतील, या तुम्ही, आणि आपण म्हणू, हो साहेब. बसला गर्दी नसेल या वेळी.

पण बोलला तो दिग्दर्शक. “ते वाक्य,” तो खिसे चाचपत म्हणाला, “आत्ता बोललात ते कुणी लिहून घेतलं का?”

कुणीच घेतलं नव्हतं. लिहून घेणारी त्या खोलीत एकच होती आणि ती बोलण्यात गुंतली होती. त्याने पुन्हा म्हणायला सांगितलं. बाईंनी मुकाट्याने पुन्हा म्हटलं, शब्दाला शब्द, आणि स्वल्पविराम कुठे येतो तेही सांगितलं.

त्यानंतर निर्मात्यांनी सतरा पत्रं दोनदा मोजली. रेघोट्यांत का होईना, हाताने पत्र लिहून तिकीट लावणारे सतरा प्रेक्षक त्यांनी गेल्या दहा वर्षांत पाहिले नव्हते. साबणवाल्यांना दाखवायला गठ्ठा बरा होता. चाळिसाव्या भागात मिसचं लग्न झालं नाही. त्याऐवजी साहेबांनी तिला विचारलं, माझं बोलणं कुणाला विचारून लिहिलंस? आणि मिस उठून उभी राहिली.

चित्रणाआधी पोरगी बाईंकडे येऊन बसली होती. वाक्य कसं म्हणायचं ते शिकवा म्हणाली. बाईंनी खाली बघत, सपाट आवाजात म्हणून दाखवलं. पोरीने तसंच म्हटलं आणि तिच्या अंगावर काटा आला. दिग्दर्शकाने ऐकलं आणि मान हलवली. यात जोर कुठे आहे, म्हणाला; हनुवटी वर घे, बोट रोख, मिस अशी खाली मान घालून बोलेल का कधी?

पोरीने बाईंकडे बघितलं. आता तिला ठाऊक होतं. “बाई, तुम्ही मिससारख्या कधी नव्हतातच ना?”

“नाही,” बाई म्हणाल्या. दाताखालचा खडा निघाला. “पण तू हनुवटी वर घे. लांबून बघणाऱ्याला तेवढंच दिसतं.”

चाळिसावा भाग भावजयीने पोळ्या लवकर लाटून पाहिला. मिस म्हणाली, खोडायचं असेल तर बोलण्याआधी खोडायचं असतं, आणि बोट असं रोखलं की भावजयीची थाप या वेळी मांडीऐवजी नणंदेच्या गुडघ्यावर बसली.

“बघा, वन्सं. बाई असावी तर अशी. नाहीतर तुम्ही, जन्मभर हो साहेब, हो साहेब. एकदा तरी असं बोलायचं होतं कुणाला.”

“हो ना,” बाई म्हणाल्या. “सुचायला हवं.”

पडद्यावर तेवढ्यात वही आली, आणि वहीवर लाल नखांचे हात. चार सेकंद पेन्सिल भराभर चालली. भावजय तोवर पानं वाढायला उठली होती.

पुढच्या आठवड्यात निर्मात्यांच्या टेबलावर पुन्हा रेघोट्यांची पत्रं आली. या वेळी तेवीस. सगळी एकेका ओळीची, आणि गंमत म्हणजे सगळ्यांत तीच ती ओळ. निर्मात्यांनी बाईंना बोलावून घेतलं आणि या वेळी खुर्ची दिली. आता काय म्हणताहेत तुमच्या मैत्रिणी, त्यांनी जरा जपूनच विचारलं, आणि मागच्या भागात वहीत लिहिलं होतंत तरी काय?

बाईंनी चष्मा लावला. वहीत लिहिलं होतं: ‘हे वाक्य माझं आहे. कृपया पोच द्यावी.’

तेवीस कागद त्यांनी एकेक करून पाहिले, कडा जुळवल्या आणि पर्समध्ये ठेवले.

“विशेष काही नाही, साहेब,” त्या म्हणाल्या. “पोच आहे.”