देवीवरचा पहिला फटका

मी एक जुना कंट्रोलर आहे, मित्रांनो. व्हिडिओ गेम खेळताना दोन्ही हातांत धरतात ना, तोच. माझं एक बटण झिजून पार गुळगुळीत झालं आहे; तलवार चालवायचं. बाकीची अजून कोरी करकरीत आहेत. त्यावरून माझं आयुष्य कसं गेलं ते ओळखा.

कारखान्यातून मी थेट गेम बनवणाऱ्या एका ऑफिसात आलो आणि ताईंच्या हाती पडलो. ताई गेम तपासत. मुलं जो जो आगाऊपणा करतील तो आधी स्वतः करून पाहायचा, हे त्यांचं काम. भिंतीवर डोकं आपटायचं, विहिरीत उडी मारायची, सज्जन म्हाताऱ्यांना तलवार हाणायची. आम्ही दोघांनी मिळून हजारो माणसं मारली, तरी ताईंना सगळे सोज्वळ म्हणत. त्यांनी 'तपासले, ठीक' असं लिहिलं की साहेबसुद्धा पुन्हा विचारत नसत.

एकदा गेममध्ये देवी आली. जुन्या पोथीत विसरलेली नव्हे; जिला लाखो लोक आजही रोज हात जोडतात ती. चित्रकारानं जीव ओतला होता. तिचे डोळे पाहून साहेबांनी टेबलावरचे पाय खाली घेतले होते. वाट चुकलेल्या योद्ध्याला तिनं रस्ता दाखवायचा, एवढंच तिचं काम.

त्या दिवशी ताई घरून काम करत होत्या. देवीभोवती चकरा मारून झाल्या, प्रकाश पाहिला, आवाज पाहिला. तलवारीची पाळी आली आणि त्यांचा अंगठा माझ्या बटणावर येऊन थबकला. त्यांनी तो उचलला आणि लिहून टाकलं, 'तपासले, ठीक.' ताई पहिल्यांदाच खोटं लिहीत होत्या आणि गेम संध्याकाळी लोकांच्या हाती जाणार होता.

"झालं का गं?" मटार सोलता सोलता सासूबाईंनी विचारलं.

"झालं. फक्त देवीला मारून नाही पाहिलं. हातच उचलेना."

"पण पोरं मारतील की!"

ताई पडद्यावरच्या देवीकडे पाहू लागल्या.

"पहिलं तेच करतील. तुझा नवरा लहानपणी पुतळा दिसला की आधी खडा मारायचा. आज विचार, नाही म्हणेल. मार तू."

"आई, देवी आहे ती!"

"म्हणून तर मार. तुझ्या एका फटक्यानं तिला काय होतंय? उद्या शेंबड्या पोरांपुढं तिची फजिती झाली तर?"

ताईंनी मला मांडीवर ठेवलं, पडद्याला हात जोडले, मला उचललं आणि डोळे मिटून बटण दाबलं.

देवी "मेलो!" म्हणून पुरुषी आवाजात ओरडली आणि कोसळली. तिच्या जागी अर्धा पाव आणि एक फाटका जोडा येऊन पडला.

मटार जमिनीवर सांडले. ताईंनी प्रोग्रामरला फोन लावला.

"अहो, नवं पात्र पहिल्यापासून करायला वेळ लागतो," तो म्हणाला. "म्हणून दरोडेखोराची नक्कल केली आणि वर देवीचं रूप चढवलं. मेल्यावर त्याच्या पिशवीतलं सामान पडतं. काढायचं राहिलं वाटतं."

मग ताईंनी साहेबांना फोन केला. "माझं 'ठीक' खोटं होतं. गेम थांबवा."

साहेबांनी काय झालं ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "लोकांनी ऑफिसची एक काच ठेवली नसती, बाई." गेम थांबला.

चार दिवसांनी दुरुस्त झालेला गेम आला. ताईंनी तलवार चालवली. देवी जागची हलली नाही. तिनं नुसतं पाहिलं, आणि योद्ध्यानं आपणहून तलवार खाली ठेवली. ताईंचे डोळे भरून आले.

"दे इकडे," म्हणत सासूबाईंनी मला ओढून घेतलं, उलटं धरलं, सुलटं केलं आणि देवीवर सात फटके हाणले. देवी शांत उभी.

"हं. आता लिही ठीक."

हल्ली मी खणात पडून असतो. नव्या कंट्रोलरना वायर नसते, अनुभवही नसतो, असो. तुम्हाला एवढंच सांगतो, मित्रांनो. ज्याला हात जोडता, त्याच्या कामात 'चालतंय' म्हणू नका, दहादा तपासा. देव रागावेल म्हणून नव्हे. देव सांभाळून घेतो. सासूबाई घेत नाहीत.